झिऱ्याचं पाणी आणि कायद्याची बाटली

माझ्या हातात कुणी पाण्याचा पेला दिला की मी तो आधी उजेडाकडे धरते, मग नाकाशी नेते आणि मगच पिते. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. सून म्हणते, "आई, लोकांना वाटतं तुम्ही संशय घेताय." संशय नाही गं बाई, सवय. उमेदीची सगळी वर्षं पाणी हुंगण्यात गेली, ती सवय आता पेन्शनवर कशी सुटणार?

संपादकांनी 'पर्यावरण कायदे : काल आणि आज' असा भारदस्त विषय सुचवला तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. कायदे पुस्तकात आहेत, ज्याला हवेत त्याने वाचावेत. मला लिहावंसं वाटतं ते एका झिऱ्याबद्दल. नदीच्या वाळूत हातभर खड्डा केला की त्यात नितळ पाणी पाझरून जमा होतं, तो झिरा. तो झिरा आता नाही. दरवर्षी तो खणणारी ठकूबाईही नाही. पण वैशाखात, नाशिकरोडच्या माझ्या फ्लॅटमध्ये फ्रीजची बाटली तोंडाला लावली तरी एक तहान मागे राहतेच. ती त्या पाण्याची आहे.

मी बी.एस्सी. झालेली, केमिस्ट्री घेऊन. सत्तरच्या दशकाच्या शेवटी प्रदूषणाच्या ऑफिसात लागले. 'पर्यावरण' हा शब्द तेव्हा आमच्या वसाहतीत कुणाला ठाऊक नव्हता. वडील छापखान्यात कामगार. मुलगी सरकारी नोकरीला लागली म्हणून त्यांनी विहारात पेढे वाटले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काम काय असतं?" मी म्हटलं, नदीचं पाणी बाटलीत भरून आणायचं आणि तपासायचं. काकूंचा चेहरा पडला. "त्याला बी.एस्सी. कशाला लागते गं? आम्ही रोजच भरतो की."

ऑफिस गंगापूर रोडवर, भाड्याच्या बंगल्यात. ज्यांचा स्वयंपाक तिथे एके काळी होत असेल, त्यांच्या ओट्यावर आम्ही बाटल्या धुवायचो. आमचे साहेब सडपातळ, चष्मेवाले, आणि बोलायला लागले की थेट परदेशातून सुरुवात करणारे. "बहात्तर साली स्टॉकहोमला जगातली सगळी राष्ट्रं जमली. आपल्या पंतप्रधान स्वतः गेल्या. तिथून आल्यावर चौऱ्याहत्तरचा पाण्याचा कायदा झाला." राज्याचा स्वतःचा कायदा त्याच्याही आधीचा होता, आणि दिल्लीचा कायदा आमच्याकडे लागू व्हायला एक्याऐंशी साल उजाडलं. साहेबांना हे सगळं कलमांसकट पाठ. आम्हाला पाठ होते ते नाल्यांचे वास.

माणसं एकेक भेटायची. एका प्लेटिंगवाल्याने सांडपाण्याच्या शेवटच्या हौदात मासे सोडले होते. "बघा मॅडम, मासे जगतायत, तुमचा कायदा अजून काय मागतो?" मला कौतुक वाटलं. पुढच्या खेपेला मासे होते, पण लाल होते. त्याच्या पुढच्या खेपेला ठिपक्यांचे. मी विचारलं, "हे रंग बदलतात का हो?" तो जराही न ओशाळता म्हणाला, "पहिले बदलीवर गेले." गावोगावी लोकांना आम्ही नळपाणीवालेच वाटायचो. नमुना घ्यायला वाकले की मागून कुणीतरी यायचंच, "बाई, आमच्या आळीला प्रेशर नाय, तेवढं बघा."

आता बाहेरच्यांसाठी थोडं आमच्या धंद्याचं. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. त्यावर मासे जगतात, पाणी स्वतःला साफ ठेवतं. तो मोजायला चिंचोळ्या मानेची काचेची बाटली पाण्याखाली धरून भरायची, एक बुडबुडा राहता कामा नये. मग तिथेच, काठावर उभं राहून, दोन औषधं घालायची, बूच लावायचं आणि हलवायची. तपकिरी साका खाली बसू लागला की पाण्यात जीव आहे. साका पांढरा राहिला की समजायचं, पाणी मेलेलं आहे. बाकीचे आकडे प्रयोगशाळेत कळतात, हे मात्र तिथल्या तिथे हातात दिसतं. तपकिरी रंग दिसला की मला बरं वाटायचं. घरी आल्यावर आई विचारायची, "आज तुझा चहा झाला का गं?" तिला तो रंग चहाचा वाटायचा.

दुसरा नमुना कायद्याचा. तो घ्यायला कारखान्याला आधी नोटीस द्यायची, त्यांच्या माणसासमोर पाणी भरायचं, त्याच्यासमोरच दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांना लाख लावून पितळी शिक्का मारायचा, दोघांनी सह्या करायच्या. यातलं एक चुकलं की कोर्टात तो नमुना म्हणजे नुसतं पाणी. नदीकाठच्या वाऱ्यात लाख वितळवायची हे काय प्रकरण असतं ते ज्याने केलं त्यालाच कळेल. आमचे ड्रायव्हर रज्जाकभाई जीपचं दार उघडून आडोसा करायचे आणि पुटपुटायचे, "मॅडम, जल्दी. ही मेणबत्ती पण कारखान्याला मिळालेली दिसतेय."

नाशिकच्या पुढे एक ओढा गोदावरीला मिळतो. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ओढ्याच्या तोंडाशी वाळूचा मोठा पट्टा होता आणि त्यावर टरबुजाच्या वाड्या. हिवाळ्यात पाणी ओसरलं की माणसं वाळूत चर खणायची, खत भरायची, बी टाकायची, आणि झिऱ्यातून घागरीने पाणी घालत वेल वाढवायची. चैत्रात तिथे उभं राहिलं की पायाखाली सगळी हिरवी टरबुजं. त्यातली एक वाडी ठकूबाईची. नवरा वारलेला, मुलगी चांदवडकडे दिलेली. बाई एकटी, अंगाने काटक, आवाज मात्र पैलतीरावर जाईल असा.

पहिल्यांदा गेले तेव्हा ओढा चांगला होता. नेहमीच्या पाहणीचा नमुना घेत होते, ऊन मी म्हणत होतं. ठकूबाईने वरून हाक मारली, "ए पोरी, उन्हात काय करती? ये, पाणी पी." मी गेले. तिने सवयीने विचारलं, "आडनाव काय तुझं?" मी सांगितलं. नाशिक जिल्ह्यात आडनाव सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही.

माझ्या आईचं माहेर नांदगावकडचं. लहानपणी ती घागर घेऊन विहिरीच्या लांब बसून राहायची, कुणीतरी येऊन वरून पाणी ओतेपर्यंत. तेव्हापासून तिला कुणी पाणी दिलेलं चालायचं नाही, स्वतःच्या हाताने घ्यायची. मी बी.एस्सी. झाले, साडी नेसून सरकारी जीपमध्ये बसले, तरी परक्या गावात पाणी म्हटलं की माझा हात आपोआप ओंजळ व्हायचा. तशीच ओंजळ करून मी उभी राहिले.

ठकूबाई माझ्या हाताकडे बघत राहिली. मग तिने पितळी वाटी माझ्या ओंजळीत ठेवली. "ह्ये घे. झिऱ्यात तुझी तूच बुडव. मी खाली वाकले की माझी कंबर धरती." तिची कंबर ठणठणीत होती, नंतर मी तिला अख्खं टरबूज डोक्यावर घेऊन पळताना पाहिलं आहे.

मी गुडघ्यावर बसून वाटी बुडवली. पाणी गार होतं, वाळूचा किंचित वास होता, आणि गोड. पाण्याला चव नसते असं मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. ते खोटं आहे. मी तीन वाट्या प्याले आणि मला रडू येईल की काय असं वाटलं. घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "पुन्हा जाशील तेव्हा माझ्या वाटचं पण पी."

मी जात राहिले. गरज नसतानाही त्या बाजूचा दौरा लावून घ्यायचे. एकदा ठकूबाईने विचारलं, "ह्ये पाणी न्यायला तुला सांगितलं कुणी?" मी साहेबांचंच सगळं सांगितलं, स्टॉकहोम, ठराव, कायदा. ती टरबुजाला बोटाने टिचक्या मारत ऐकत होती. "लय लांब हाय का ते गाव?"

"लय लांब. समुद्रापलीकडे."

"मग त्यांना आपल्या ओढ्याचं कसं काय कळलं?" मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. तिला खरंच बरं वाटलं होतं.

मग वरच्या अंगाला पुठ्ठ्याचा कारखाना आला. उसाचं चिपाड आणि पेंढा चुन्यात शिजवायचे, त्याचं काळं पाणी ओढ्यात. ओढा कारखान्याच्या आवारातूनच वाहायचा, त्यामुळे पाइप कुठे दिसायचा नाही. कुंपणाच्या वरच्या बाजूने ओढा आत शिरायचा आणि खालच्या बाजूने काळा होऊन, फेस घेऊन बाहेर पडायचा. माझ्या बाटलीत साका पांढरा बसला. पुढच्या महिन्यात पांढरा. वेलांची पानं कडेने करपली, फळं मुठीएवढी राहू लागली. मी झिऱ्याचं पाणीही तपासलं. ते पिण्यासारखं राहिलं नव्हतं.

त्या दिवशी ठकूबाईने वाटी पुढे केली तेव्हा मी म्हटलं, "मावशी, आता हे पिऊ नका. गावातल्या हापशाचं आणत जा."

तिने वाटी मागे घेतली. "म्हंजे तू पिणार नाय?"

"नाही, मावशी."

तिने ती झिऱ्याच्या काठावर उपडी घातली. वेल करपले तेव्हाही तिने एवढं मनाला लावून घेतलं नव्हतं. "माझ्या दारातून आजवर कुणी तहानलेलं गेलं नाय," एवढंच म्हणाली.

मी साहेबांच्या मागे लागले. कारखान्याला पत्रं गेली, स्मरणपत्रं गेली, शेवटी फिर्याद करायचं ठरलं. साहेब म्हणाले, "सगळं एका नमुन्यावर आहे. कुंपणाच्या खाली, जिथे ओढा बाहेर पडतो तिथे घ्या. वैशाखात घ्या, तेव्हा ओढ्यात वरचं पाणी नसतं, जे असेल ते त्यांचंच." नोटीस दिली. आदल्या आठवड्यात जाऊन ठकूबाईला सांगितलं, "मावशी, सोमवारी मी कोर्टासाठी पाणी न्यायला येणार. माझ्याबरोबर साहेब असतील, कारखान्याचा मॅनेजर असेल. हा नमुना नीट गेला की तुमचा झिरा परत येतो की नाही बघा." तिच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी चमक दिसली.

सोमवारी जीप ओढ्याशी थांबली. रज्जाकभाई आधी उतरले आणि म्हणाले, "मॅडम, आज तो पाणी एकदम चकाचक दिसतंय."

ओढा दुथडी नव्हता, पण वाहत होता. खळखळत. फेस नाही, काळेपणा पार फिका झालेला. कुंपणाच्या वर जाऊन पाहिलं तर तिथेही पाणी. वैशाखात! मॅनेजर माझ्याहून जास्त चकित झालेला. पण माणूस हुशार, लगेच पेन काढून उभा राहिला. साहेब म्हणाले, "नोटीस गेलेली आहे, त्यांचा माणूस हजर आहे. पाणी स्वच्छ दिसलं म्हणून आपण नमुना न घेता परत गेलो, तर कोर्टाला काय सांगणार? घ्या."

मी घेतला. आधी छोटी बाटली भरली, औषधं घातली, हलवली. साका बसू लागला. तपकिरी. दाट, आईला चहा वाटावा असा. त्या रंगाची मी जन्मभर वाट पाहिली, त्या दिवशी मात्र तो मला नको होता. मॅनेजरने दोन्ही बाटल्यांवर झोकदार सह्या केल्या. वारासुद्धा पडलेला होता, लाख कशी सुरेख वितळली.

खाली ठकूबाई उभी होती. अंगणासारखी वाळू झाडलेली, नवीन झिरा खणलेला, वाटी चिंचेने घासून लखलखीत. शेजारी तिचा भाचा निवृत्ती. तो पाटकरी होता, म्हणजे कालव्याच्या फळ्या उघडायच्या-लावायच्या आणि पाळीप्रमाणे शेतांना पाणी द्यायचं हे त्याचं काम. पाटाचं जादा पाणी ओढ्यात सोडायची एक फळी कारखान्याच्या वरच्या बाजूला होती.

"मी सांगितलं त्याला," ठकूबाई म्हणाली, "पोरगी साहेबाला घेऊन येणार, कोर्टात आपल्या ओढ्याचं पाणी जाणार. असल्या घाणीत उभी करू का तिला? दोन दिस फळी उचलून ठेव म्हटलं. नोकरी जाईल म्हणत हुता, मी म्हटलं जाऊ दे." निवृत्ती खाली मान घालून हसत होता. "आता पी. आता नाय म्हणायचं नाय."

मागे जीपमध्ये लाखबंद बाटल्या होत्या. साहेबांनी सगळं ऐकलं होतं. ते चष्मा काढून पुसत राहिले. मी वाटी घेतली, गुडघ्यावर बसले आणि प्याले. पाटाचं पाणी होतं, धरणाच्या गाळाची चव होती. ठकूबाई माझ्या घशाकडे बघत होती, एकेक घोट मोजत असल्यासारखी. "गोड हाय ना?"

"हो मावशी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

अहवाल कायद्याच्या मर्यादेत आला. मी साहेबांना म्हटलं, पाट सोडला होता असं लिहू या. ते म्हणाले, "लिहिलं तर तो पोरगा जाईल नोकरीतून. आणि कारखान्याचा वकील विचारेल, तुमच्या साक्षीदारांनीच ओढ्यात पाणी सोडलं, तर मागचे नमुने तरी खरे कशावरून?" बरोबर होतं त्यांचं. फिर्याद बारगळली. मग पाऊस लागला, आणि पावसात ओढ्याचा नमुना घेणं म्हणजे वेळ घालवणं. पुढच्या उन्हाळ्यात नोटीस गेली की कारखाना नेमका 'दुरुस्तीसाठी' बंद असायचा. त्या उन्हाळ्याअखेर वाळूवर एकही वाडी उरली नव्हती. ठकूबाई लेकीकडे चांदवडला गेली. मला निरोपही नव्हता. मी वाळूत तिच्या खोपीच्या चार मेढी पाहिल्या आणि परत आले.

भोपाळ झालं आणि सगळं बदललं. शहाऐंशीचा कायदा आला. आता कोर्टाच्या पायऱ्या झिजवायची गरज नव्हती, थेट वीज आणि पाणी तोडायचा हुकूम निघू शकत होता. आमच्यापर्यंत ते हत्यार पोचायला आणखी वेळ गेला. पण पोचलं. पुठ्ठ्याच्या कारखान्याची वीज तुटली तेव्हा मी तिथे हजर होते. मशिनं थांबल्यावर ओढ्याचा आवाज ऐकू आला. मला आनंद झाला असं लिहायला हवं, पण मला फक्त ठकूबाईची आठवण येत होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका रविवारी मी एकटीच एस.टी.ने तिथे गेले. हाताने वाळू उकरली. बोटं सोलली. पाणी आलं; आधी गढूळ, मग निवळलं. मी बरोबर नेलेल्या बाटल्या भरल्या आणि सोमवारी सगळ्या तपासण्या केल्या. साका तपकिरी. बाकीच्या अहवालांतही पाणी पिण्यासारखं निघालं, तेव्हा पुढच्या रविवारी पुन्हा जाऊन काचेची मोठी बाटली भरली, बूच लावलं आणि तशीच चांदवडची गाडी पकडली.

लेकीच्या दारात ठकूबाई कांदे निवडत बसली होती. खूप वाळली होती. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. "आलीस?" म्हणाली, आणि कांद्याचा ढीग बाजूला सारून मला जागा केली. मी तिला कारखाना बंद पडल्याचं सांगितलं. ती कांदे निवडतच राहिली.

मग म्हणाली, "त्या दिशी मीच घालवलं समदं. निवृत्तीनं सांगितलं मागून. तुला घाणच न्यायची हुती."

"मावशी, ते जाऊ द्या."

"मला काय ठाव, कोर्टाला घाण दाखवायची असती? आमच्यात पाव्हण्याला कुणी घाण दाखवतं व्हय?"

मी पिशवीतून बाटली काढून तिच्यापुढे ठेवली. "झिऱ्याचं आहे. मी खणला. तपासलंय मी, चांगलं आहे."

तिने बाटली दोन्ही हातांनी धरली, उजेडाकडे केली. अगदी मी करते तशी. बूच काढून दोन घोट घेतले. मी तिच्या घशाकडे बघत होते.

"बाटलीचा वास येतोय," ती म्हणाली. "झिऱ्याचं पाणी असं भरून आणत नसत्यात गं. तिथंच वाळूत बसून प्यायचं असतंय."

कांदा आटोपला की जीप घेऊन येते, तुम्हाला नेते, असं मी म्हटलं. ती हो म्हणाली. तो कांदा आटोपायच्या आत ती गेली. पण त्या दिवशी आम्हा दोघींनाही ते ठाऊक नव्हतं. तिने बाटली माझ्यापुढे धरली. "घे. उरलेलं तू पी. एवढ्या लांबून आलीस, तहानलेली जाऊ नगंस."

मी बाटली घेतली. उजेडाकडे धरली नाही, हुंगलीही नाही. खरंच वास येत होता, आमच्या प्रयोगशाळेच्या रबरी बुचाचा. तरी मी सगळं प्याले, तळाशी वाळूचे दोन कण होते तेसुद्धा.